रघुनाथपंतांनी कळवलं म्हणून

आपल्या मंडळींच्या बोलण्यात हल्ली 'क्रिएटिव्ह कोचिंग' वारंवार येतं. मन हलकं व्हावं म्हणून कुणी चित्र काढायला बसवतं, कुणी रोज पानभर लिहायला लावतं, तासाचे पैसे घेतं. थट्टा करण्यासारखं त्यात काही नाही. परक्या देशात आपला माणूस आतून मिटत जातो आणि 'मजेत आहे' असं सांगत राहतो, हे मंडळात कुणाला ठाऊक नाही?

या विषयावर मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते कावेरीकाठी गेलेलं एक जुनं पत्र. 1677 मध्ये दक्षिणेच्या स्वारीत शिवाजी महाराज आपले सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांना भेटले. वाटणीवरून बिनसलं, लढाई झाली, व्यंकोजींच्या फौजेची हार झाली. पुढे तह होऊन तंजावर त्यांच्याकडेच राहिलं, पण त्यांचं मन राज्यातून उठलं. देहाची हेळसांड, सणवार बंद, फौज रिकामी, डोक्यात वैराग्याचे विचार. हे महाराजांना त्यांचे दक्षिणेतले कारभारी रघुनाथपंत हणमंते यांनी कळवलं आणि महाराजांनी भावाला पत्र धाडलं. (दुखण्याला थोडेफार कारण महाराजच होते, हेही खरं.) पत्राचा सूर कडक आहे: वैराग्य म्हातारपणी, आता उठा, काही करून दाखवा. आजचा समुपदेशक इतक्या धारेवर धरणार नाही, धरूही नये. पण सुरुवात कशी आहे पाहा. फार दिवसांत तुमचं पत्र नाही, म्हणून मला चैन नाही. मग भावाचं काय काय सुटलंय याची एकेक नोंद, आणि शेवटी हातात काम. सोबतीला रघुनाथपंत आहेतच, त्यांच्या विचाराने चाला.

पत्राने गुण किती आला, ते छातीठोक सांगता येणार नाही. पण त्या घराण्याचा हात पुढे लिहिता राहिला. व्यंकोजींच्या नावावर तेलुगूतलं द्विपद रामायण आहे. त्यांचे पुत्र शाहजी यांनी मराठीत नाटकं लिहिली, तीही विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या 'सीता स्वयंवरा'आधी सुमारे दीडशे वर्षं. ही मंडळीही घरापासून दूरच होती की! भोवती तमिळ, दरबारात तेलुगू, घरात मराठी.

तंजावरजवळच्या मेलट्टूर गावात भागवतमेळा हा नाट्योत्सव आजही नरसिंह जयंतीच्या सुमारास होतो. नाटकं तेलुगू, प्रेक्षक तमिळ, स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलेले लोक रजा काढून आपापल्या भूमिकेसाठी गावी येतात. त्यांना कोणी मनःस्वास्थ्याचे धडे देत नाही. माझी भूमिका आहे, मी गेलो नाही तर खेळ अडेल, एवढं पुरतं. आपल्याकडच्या कोचिंगमध्ये मला नेमकं हेच कमी वाटतं. एकट्याने काढलेलं चित्र कपाटात जातं. त्याची वाट पाहणारं कुणी नसतं.

झोप, भूक उडाली असेल, आठवडे उदासीत जात असतील, तर आधी डॉक्टर; तिथे नाटक-भजनाचा आग्रह नको. बाकीच्यांसाठी मात्र मंडळाने रघुनाथपंतांचं काम करावं. दोन कार्यक्रमांना न दिसलेल्या सभासदाला फोन करा. 'कसे आहात?' एवढ्यावर थांबू नका. गणपतीच्या एकांकिकेत भूमिका द्या, पेटी धरायला बसवा, या वार्तापत्रासाठी पानभर लिहायला सांगा आणि तारीख द्या. मजकुराची मी वाट पाहतो आहे.