नकाशा कुणाचा, वाट कुणाची?

रोह्याहून पूल ओलांडला की कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी. नगरपालिकेच्या नावात दोघी जोडीनं आहेत, रोहा-अष्टमी. पण फोनमधला नकाशा उघडा. लांबून पाहिलं तर रोहा दिसतं. बोटांनी ताणून जवळ आणलं की मगच अष्टमीचं नाव उमटतं. आणखी ताणलं की रस्ते, दुकानं, बँका, पेट्रोल पंप. आणि तालुक्यातल्या डोंगरांकडे सरकत गेलं की एका जागी काहीच उरत नाही, नुसता हिरवा नाहीतर करडा चौकोन. त्या चौकोनात कातकरीवाडी असते, ठाकूरवाडी असते. उन्हाळ्यात आटणारी विहीर असते, आणि त्या विहिरीपर्यंत बायांनी रोज तुडवलेली पायवाट असते.

आमच्या बैठकीत हा फोन हातोहात फिरला, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, आमची वाडी कुणी पुसली का? वाडी पुसली नव्हती. ती कधी काढलीच गेली नव्हती.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवं नाही. सातबारा वाचायला शिकलो तेव्हाही असंच झालं होतं. कब्जेदाराच्या रकान्यात भावांची नावं, आणि बहिणीचं नाव सापडलंच तर ‘इतर अधिकारा’त, बारकाईनं पाहिल्यावर. तेव्हा आपण म्हटलं नाही की कागद ही पुरुषांची भानगड आहे. तलाठ्याच्या टेबलासमोर उभं राहून आपण तो कागद वाचायला शिकलो. आज तीच वेळ नकाशाची आली आहे. वनहक्काचा दावा, गावठाणाची मोजणी, पुनर्वसन, रस्ता, दरडीचा धोका, या सगळ्याची चर्चा आता पडद्यावरच्या नकाशासमोर होते. आणि नकाशा म्हटलं की आपल्या गटातल्या शिकल्यासवरल्या बायाही फोन शेजारच्या मुलाच्या हातात देतात. माझं भांडण पहिल्यांदा आपल्याशीच आहे ते याचसाठी.

आधी हे यंत्र कसं चालतं ते समजून घेऊ. त्यात अवघड असं काही नाही. अँड्रॉइड फोनमधलं नकाशाचं ॲप साधारणपणे दोन थरांत काम करतं. खालच्या थराला ‘टाइल्स’ म्हणतात, म्हणजे फरश्या. सगळ्या जगाचा नकाशा चौकोनी तुकड्यांत कापून दूरच्या संगणकावर ठेवलेला असतो. एक तुकडा सहसा २५६ गुणिले २५६ ठिपक्यांचा. अगदी लांबून पाहिलं तर सगळं जग एका चौकोनात मावतं. एक पायरी जवळ गेलं की त्याचे चार होतात, मग सोळा, मग चौसष्ट. अठराव्या पायरीला हे चौकोन ६८ अब्जांहून जास्त होतात. आपण बोट सरकवतो तेव्हा ॲप लागतील तेवढेच चौकोन मागवून शेजारी शेजारी बसवतं. आता काही ॲपमध्ये तयार चित्राऐवजी नुसती माहिती येते आणि चित्र फोनच काढतो. पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे दोन्हींत आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

वरच्या थराला ‘ओव्हरले’ म्हणतात. फरशीवर रांगोळी काढावी तसा तो असतो. त्यात तीनच गोष्टी मुख्य: टिंब, रेघ आणि वेढा. टिंब म्हणजे विहीर, अंगणवाडी, रेशनचं दुकान. रेघ म्हणजे वाट. वेढा म्हणजे शेत, वाडी, जंगलाचा तुकडा. हा थर फोन हातात धरणाऱ्या माणसाला काढता येतो. फरशी कंपनीची असो की सरकारची, तिच्यावर काय मांडायचं ते आपण ठरवू शकतो. या मांडणीतच राजकारण आहे. खालचा थर ‘खरा’ समजला जातो आणि वरचा थर ‘कुणीतरी टाकलेली माहिती’. पण खालचा थरही कुणीतरी टाकलेली माहितीच आहे. फरक इतकाच की ती टाकणाऱ्याचं नाव आपल्याला कुणी विचारू देत नाही.

ते ‘कुणीतरी’ कोण असतं? ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल असा खुला नकाशा आहे. कंपनीच्या मालकीचा नाही, म्हणून आपल्या जवळचा. तरीही २०११ साली तिथे काय झालं ते पाहा. लहान मुलं सांभाळण्याच्या जागांसाठी वेगळी खूण असावी, असा प्रस्ताव आला आणि मतदानात तो फेटाळला गेला. त्याच नकाशात दारू पिण्याच्या, नाचण्याच्या, शरीरविक्रयाच्या जागांसाठी मात्र वेगवेगळ्या खुणा होत्या. भूगोलाच्या अभ्यासक मोनिका स्टीफन्स यांनी २०१३ साली यावर लिहिलं, तेव्हा नकाशे रंगवणाऱ्यांत पुरुष किती आणि बाया किती याची चर्चा झाली. पुढे लोकांनी वापरून वापरून पाळणाघराची खूण रूढ केली. यातून घ्यायचं ते एवढंच: खुल्या दारातूनही जे आत जातात त्यांचंच जग नकाशावर येतं.

मग बायांसाठी म्हणून जे नकाशे निघतात त्यांचं काय? बहुतेक वेळा ते भीतीचे नकाशे असतात. इथे अंधार, तिथे छेडछाड, ही गल्ली लाल, तो थांबा लाल. २०१३ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘सेफ्टीपिन’सारख्या ॲपनं रस्त्यावरचे दिवे, पदपथ, वर्दळ यांची नोंद केली. अशी नोंद पालिकेच्या तोंडावर मारता येते, तिचं मोल मी नाकारत नाही. पण लाल टिंबांचा नकाशा घरात पोचला की त्याचा अर्थ बदलतो. दिवा लावा, असं तो पालिकेला सांगत नाही, तिकडून जाऊ नकोस, असं मुलीला सांगतो. बाईनं शहरात विनाकारण रेंगाळावं हाही हक्क आहे, असं शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ सालच्या पुस्तकात मुंबईबद्दल मांडलं. अष्टमीच्या पुलावर संध्याकाळी वारा खात उभ्या राहणाऱ्या मुलीलाही ते लागू आहे. आणि ‘सुरक्षेसाठी’ म्हणून बायकोचं, बहिणीचं टिंब दिवसभर आपल्या फोनवर हलताना पाहणारे नवरे-भाऊ आपल्या ओळखीत नाहीत का? तोही एक ओव्हरलेच. फक्त त्यात टिंब आपण असतो आणि फोन दुसऱ्याच्या हातात.

आता मुद्द्यावर येते. नकाशावर नसण्याची किंमत काय असते? १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. झोपेतली माणसं घरांसकट गाडली गेली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदत करणारे डोंगर चढून पायी गेले. आणि ही वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच सांगितलं. धोक्याचा थर काढताना वाडीच धरली नाही, तर इशारा कुणाला देणार?

दुसरी किंमत जमिनीची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरांपर्यंत, त्यांच्या नावे करायची आहे. कलम ४(४) सांगतं की लग्न झालेलं असेल तर हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे, आणि एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावे. कायदा चांगला आहे. पण प्लॉटची हद्द फोननं नाहीतर जीपीएस यंत्रानं काढताना बांधावरून कोण चालतं? बहुतेकदा नवरा, त्याचा भाऊ आणि आलेला कर्मचारी. बाईनं लावलेला आंबा, तिची नाचणीची खाचरं, सरपणाची वाट वेढ्याबाहेर राहते. परित्यक्तेच्या तुकड्याभोवती तर चालायलाच कुणी नसतं.

त्यात आपल्या रायगडातली दळी जमीन. डोंगरउतारावर नाचणी-वरी घ्यायची, मग काही वर्षं जमीन पडीक सोडायची. आकाशातून काढलेल्या चित्रात पडीक दळी झुडपासारखी दिसते. चित्रात शेत नाही, म्हणून दावा नाही, असं ऐकवलं जातं. दळीचा प्रश्न सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनेनं रायगडात वर्षानुवर्षं लावून धरला आहे. अशा वेळी एक गोष्ट पाठ हवी: २०१२ साली वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी ते येऊ शकत नाही. वडीलधाऱ्यांचा जबाब, जुना दंड भरल्याची पावती, बांध, विहीर, झाडं, हे सगळे पुरावे आहेत.

मापाचं गणितही समजून घ्या. साध्या फोनचा जीपीएस उघड्यावर चार-पाच मीटर चुकतो, झाडीत आणि दरीत त्याहून जास्त. चार गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे एक बाजू साधारण २० मीटर. प्रत्येक बाजूची चूक पाच मीटर आत पडली तर उरतो १० बाय १० मीटर, म्हणजे एक गुंठा! मोठ्या जमीनदाराला पाच मीटर म्हणजे बांध. आपल्या बाईला पाच मीटर म्हणजे वर्षाची नाचणी. शिवाय खालच्या थरातलं उपग्रहाचं चित्रच कधी कधी काही मीटर सरकलेलं असतं. मग बरोबर काढलेला वेढाही शेजाऱ्याच्या शेतावर पडल्यासारखा दिसतो आणि घरात भांडणं लागतात.

काही मैत्रिणी म्हणतील, हे शहरी खूळ आहे, बायांकडे फोन तरी कुठे आहेत? प्रश्न बरोबर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बाया देशात सुमारे ५४ टक्केच होत्या. पण एका गटाला एक फोन पुरतो. ‘ओएसएमअँड’सारख्या ॲपमध्ये नकाशा एकदा घरी उतरवून घेतला की डोंगरात रेंज नसली तरी वाट नोंदवता येते. ‘ओडीके कलेक्ट’मध्ये आपले प्रश्न मराठीत भरून प्लॉटचा वेढा नोंदवता येतो. दोन्हीला पैसे न मोजता सुरुवात करता येते.

दुसऱ्या मैत्रिणी म्हणतील, आपण मांडलेली माहिती उद्या आपल्यावरच उलटेल. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच काय मांडायचं नाही हेही आपणच ठरवायला हवं. एकट्या राहणाऱ्या बाईचं घर, औषधी मुळ्यांच्या जागा, मारहाणीतून सुटून आलेली बाई जिथे थांबली ती जागा, या गोष्टी कुठल्याही थरात जाणार नाहीत. सामायिक नकाशावर काय जावं ते गटाच्या बैठकीत, मोठ्यानं वाचून, ठरावं.

तेव्हा कामाला लागू या. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, ग्रामसभेला हजर असणाऱ्यांतही एक तृतीयांश बाया हव्यात, हा नियम आहे. त्या बायांपैकी दोघींनी तरी फोन धरायला शिकावं. बांधावरून नवरा चालला तर बायकोही चालेल, आणि हद्दीची फाइल दोघांच्या नावानं ठेवली जाईल. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, दोनदा, वेगवेगळ्या दिवशी मोजायचं. काढलेला नकाशा कागदावर छापून वाडीत लावायचा, आणि फाइलची एक प्रत गटाकडे राहील. कर्मचारी मोजणीला आला की आपला वेढा आणि त्याचा वेढा एकमेकांवर ठेवून बघायचे. फरक निघाला तर ग्रामसभेत तो नोंदवायचा.

फरशी बसवणारे बसवोत. तिच्यावरची रेघ कोण ओढणार, एवढाच प्रश्न आहे. रोह्याच्या डोंगरात जी वाट आपल्या आजीनं डोक्यावर हंडा घेऊन पाडली, ती नकाशावर आपण नाही काढली, तर दुसरं कोण काढणार? तुमच्या गटात यावर बोला, वाद घाला, आणि पहिली वाट नोंदवलीत की आम्हाला जरूर कळवा.