घोट्याची बाराखडी

आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं त्या पहाटे कुणी कुणाचं नसतं. चार दिवसांआड येणारं पाणी यंदा नेमकं घटस्थापनेच्या दिवशी आलं. घट बसायच्या आत पिंप, हंडे, कळश्या आणि उरलीसुरली पातेली भरून घ्यायची म्हणून मी धावले. अंगणात आडव्या पडलेल्या पाइपावर उजवा पाय पडला, पाऊल आत वळलं आणि बाकीची मी बाहेरच्या बाजूला गेले. घोट्यातून 'कट्' असा आवाज आला. घरच्यांनी आधी नळाखाली दुसरी बादली लावली आणि मग मला उचललं. राग नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

सोलापूरच्या साखर पेठेत पाय मुरगळला की तो चार भाषांत मुरगळतो. शेजारच्या पद्मशाली आजींना अख्खी गल्ली अव्वा म्हणते. त्या दारातूनच म्हणाल्या, "कालु बेणिकिंदि." समोरच्या कन्नड मावशींनी निदान पक्कं केलं, "कालु उळुकिदे." कोपऱ्यावरचे सायकलवाले चाचा म्हणाले, "मोच है, हिलाओ मत." आणि माझ्या सासूबाईंनी मराठीत निकाल दिला, "लचकलाय. धावायला कुणी सांगितलं होतं?"

भाषा चार, पण उपाय मात्र दहा. आंबेहळद आणि रक्तबोळाचा गरम लेप. तुरटी. तापलेल्या विटकरीचा शेक. तेल लावून जोरात चोळणं. एकीने पायाळू माणूस शोधायला मुलगा पिटाळला. जन्मताना पायाकडून आलेल्या माणसाची हलकी लाथ बसली की दुखणं पळतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. सासूबाईंनी त्याला तिथेच थांबवलं. "पायाळूची लाथ उसणीला. घोट्याला नाही." शास्त्र ते शास्त्र.

तोवर घोटा पुरीसारखा फुगला होता. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडा दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "चार पावलं टाका." मी भिंत धरत, लंगडत टाकली. "एक्स-रे नको." एवढ्यावर? मी शाळेत चोवीस वर्षं मराठी शिकवलं आहे, चार ओळींचं उत्तर वाचून पूर्ण गुण मी कधी दिले नाहीत. तेव्हा त्यांनी सांगितलं की ही परीक्षा कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बसवली. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात किंवा टोकाला दाबून दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकू शकत असेल, तर घोट्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार थोडी. माझं हाड शाबूत होतं. बाहेरच्या बाजूला दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, ताणून थोडा फाटला होता.

"मग चोळायचं का?" हा प्रश्न माझा नव्हता, सोबत आलेल्या सासूबाईंचा होता. डॉक्टर म्हणाले, आत बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आहेत, पहिले दोन-तीन दिवस चोळलंत किंवा शेकलंत तर रक्त आणि सूज वाढेल. पाय उशीवर उंच, क्रेप बँडेज, आणि दुखलं तर थोडा वेळ कापडात गुंडाळलेला बर्फ. बर्फाचीही गंमत आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं या चौकडीला 'राइस' हे नाव अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये दिलं. पुढे त्यांनीच कबूल केलं की बर्फाने आणि नुसतं पडून राहण्याने दुखणं कमी होतं, पण भरून यायला वेळ लागू शकतो. आपलाच धडा पाठ्यपुस्तकातून काढायला सांगणारा लेखक मी प्रथमच पाहिला.

मग सुरू झालं खुर्चीवरचं नवरात्र. घटाला माळ घालायचं काम ह्यांच्याकडे गेलं आणि सूचना द्यायचं माझ्याकडे. तिसऱ्या माळेला ह्यांनी विचारलं, "तुझा पाय दुखतोय की तोंड?" उपवासाचं संपलं की कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, हा ह्यांचा संपूर्ण स्वयंपाक. सोलापुरात तेवढ्यावर माणूस जगतो, हे त्यांनी सिद्ध केलं. मला मात्र आपल्याच घराची लांबी तेव्हा कळली. पलंगापासून न्हाणीघर अठरा पावलं, त्यात दोन उंबरे. एवढ्या वर्षांत ते उंबरे मी फक्त रांगोळी काढताना पाहिले होते.

पडून राहणं मला लाजिरवाणं वाटायचं. अव्वा विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन माझ्याजवळ येऊन बसायच्या. त्यांचे यजमान हातमागावर. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, वर हातांनी धोटा आणि खाली पायांनी पट्ट्या दाबायच्या. एकदा यजमानांचाही पाय मुरगळला होता. "मग किती दिवस विश्रांती?" मी विचारलं. अव्वा हसल्या. "दुसऱ्या पायाने दाबत होते की." तो घोटा नंतर वारंवार दगा देत राहिला. माझ्या पायाखालच्या दोन उशा त्या दिवशी मला जरा जास्तच मऊ वाटल्या.

पण विश्रांतीची लाज कशाला, हे मला पंचेचाळीस किलोमीटरवरून कळलं. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा निद्रा घेते. नवरात्राआधीची घोरनिद्रा घटस्थापनेला संपते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की महिषासुराशी लढून दमलेली देवी पलंगावर पहुडते, ती श्रमनिद्रा, आणि अश्विन पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर बसते. तिसरी मोहनिद्रा पौषात. म्हणजे यंदा ती उठली त्या दिवशी मी पडले. जगदंबेला जे करायला संकोच वाटत नाही, ते मी का लपवावं? मात्र तिच्या निद्रेला तिथी ठरलेली असते. पौर्णिमा झाली की उठायचं. माझी तिथी चौथ्या माळेला आली.

ती ठरवली फिजिओथेरपिस्ट मुलीने. "काकू, आता पाय हलवायचा. खुर्चीत बसून अंगठ्याने हवेत एबीसीडी काढा." मी म्हटलं, मराठीच्या बाईंना एबीसीडी? मी 'अ'पासून सुरुवात केली. 'क'चा दंड पाऊल वर-खाली करतो, शिरोरेघ डावी-उजवी करते. 'ळ' जरा बरा वळतो. 'ज्ञ'ला मी "आई गं" म्हणून थांबले. हवेत काढलेलं अक्षर पुसावं लागत नाही, एवढंच समाधान.

अव्वा हे पाहत होत्या. तेलुगू माध्यमाच्या शाळेत त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या. "तुमची अक्षरं काठ्या आहेत. पाय वळणार कसा? हे घ्या," असं म्हणून त्यांनी विडीच्या पानावर बोटाने तेलुगू 'अ' काढून दाखवला. गोलात गोल, शेवटी शेपटी. तेलुगू आणि कन्नड लिप्या एकाच मुळाच्या. ताडपत्रावर टोकदार लेखणीने सरळ रेघ ओढली तर पान फाटायचं, म्हणून ही अक्षरं गोल झाली, असं सांगतात. बाकी मला ठाऊक नाही, पण माझा घोटा त्या गोलाईत पहिल्यांदा पुरता फिरला. शिवाय तेलुगूतल्या बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी छोटी टिकली असते. आयुष्यभर वह्या तपासलेल्या बाईला जन्मतःच तपासून आलेली अक्षरं मिळाली. समोरच्या मावशींनीही मग कन्नडची बाजू लावून धरली. दुपारी मी तेलुगू, संध्याकाळी कन्नड.

हे खेळ वाटतं, पण त्यामागे कारण आहे. लिगामेंटमध्ये बारीक मज्जातंतू असतात, पाऊल कुठे टेकलंय, किती कललंय, याची खबर ते मेंदूला देतात. पट्टा फाटला की हे खबरेही जखमी होतात. १९६५ मध्ये फ्रीमन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने हे मांडलं. सूज उतरते, दुखायचं थांबतं, पण पायाला जमीन नीट वाचता येत नाही, आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. अव्वांच्या यजमानांचा घोटा का दगा देत होता, ते मला आता उमगलं. निरक्षर झालेल्या घोट्याला पुन्हा शाळेत घालावं लागतं. त्याची दुसरी यत्ता म्हणजे एका पायावर तोल. तुळजापूर म्हटलं की मी नेहमी एका पायावर तयार असते, पण दात घासताना खरोखर तसं उभं राहायला सांगितलं तेव्हा चौथ्या सेकंदाला बेसिन पकडलं.

दसऱ्याला माझं सीमोल्लंघन घराच्या उंबऱ्यापलीकडे, ओट्यापर्यंत झालं. त्या दिवशी तुळजापुरात देवी पलंगाकडे निघाली आणि मी पलंग सोडला.

कोजागरीला सोलापूरचा माणूस घरात थांबत नाही. अकरा वर्षं मी तुळजापूरला चालत गेले आहे. यंदा रिक्षाने रूपाभवानीच्या देवळापर्यंत गेले आणि तिथून तुळजापूर रस्त्याने, बँडेज बांधून, चारशे पावलं चालले. पावलं मोजलीच, सवय लागली होती. शेजारून लोकांचा लोंढा जात होता, कर्नाटकातून आलेले, बहुतेक अनवाणी. मी पहिल्यांदाच त्यांचे चेहरे सोडून घोटे पाहत होते. खडी, उंचवटा, खड्डा, प्रत्येक पाऊल अंधारात जमीन वाचत पुढे जात होतं आणि ते वाचतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. चारशेव्या पावलावर मी देवीला तिथूनच हात जोडले आणि वळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अव्वांचा नातू तुळजापूरहून लंगडत आला. तामलवाडीच्या पुढे पाय मुरगळला होता आणि मित्रांसमोर कशाला सांगायचं म्हणून पठ्ठ्या तसाच चालला होता. मी त्याला आधी चार पावलं टाकायला लावली. मग माझं बँडेज, दोन उशा आणि प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या घरी गेली.

"काकू, किती दिवस?" त्याने विचारलं.

उत्तर अव्वांनी दिलं. "आधी तीन दिवस झोप. मग 'अ'."