उन्हाळ्याच्या तोंडावर खरी कसोटी पारेषण यंत्रणेची

उन्हाळ्याची चाहूल लागताच विजेविषयीची चर्चा कोळशाचा साठा आणि निर्मितीक्षमता यांभोवती फिरू लागते. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॉटवर पोहोचली आणि ती भागवलीही गेली. मात्र, वीज उपलब्ध असणे आणि ती सुरक्षितपणे वाहून नेता येणे या दोन भिन्न बाबी आहेत. २०१२ मधील ग्रिड कोलमडण्याच्या घटनेचा हाच धडा आहे.

त्या वर्षी ३० जुलैच्या पहाटे उत्तर विभागाचे, तर ३१ जुलैच्या दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभागांचे ग्रिड कोलमडले. सुमारे ६० कोटी लोकसंख्येच्या प्रदेशाला त्याचा फटका बसला. बिना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरील एक वाहिनी क्षमतावाढीच्या कामासाठी बंद होती. उरलेल्या वाहिनीवर मोठा भार आला आणि संरक्षण यंत्रणेने तो बिघाड समजून बिना-ग्वाल्हेर वाहिनी तोडली. जादा वीज उचलणाऱ्या राज्यांनी भार कमी करण्याच्या सूचनांना पुरेसा प्रतिसाद दिला नाही, यावरही चौकशी समितीने बोट ठेवले.

एक वाहिनी किंवा रोहित्र अचानक बंद पडले, तरी उर्वरित यंत्रणेने भार पेलावा, हा ग्रिड नियोजनाचा मूलभूत निकष आहे. परंतु दुरुस्तीसाठी एखादी वाहिनी आधीच बंद असेल, तर ही राखीव ताकद संपलेली असते. शिवाय तीव्र उष्म्यात तारा अधिक लोंबतात, रोहित्रे नीट थंड होत नाहीत. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच वहनक्षमता घटते. त्यामुळे देखभालीची कामे उन्हाळ्यापूर्वी उरकणे अपरिहार्य ठरते.

सौरऊर्जेमुळे या नियोजनात नवी गुंतागुंत आली आहे. दुपारी राजस्थान आणि गुजरातमधून मोठ्या प्रमाणावर वीज बाहेर वाहते. सूर्यास्तानंतर हा प्रवाह आटतो, पण रात्रीच्या उकाड्यात मागणी टिकून राहते. त्यामुळे केवळ दिवसाच्या कमाल मागणीचा आराखडा पुरेसा ठरत नाही.

२०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीद्वारे दक्षिण विभाग जोडला गेला आणि देशाचे ग्रिड एकसंध झाले. त्यामुळे दूरवरून मदत मिळू शकते, तसाच बिघाडही दूरवर पसरू शकतो. तो रोखण्यासाठी वारंवारता घसरताच निवडक भार आपोआप तोडणारे रिले सज्ज असावे लागतात. २०१२ मध्ये त्यांच्याकडून अपेक्षित दिलासा मिळाला नव्हता. रुग्णालये, पाणीपुरवठा आणि रेल्वे वगळून कोणत्या भागांची वीज प्रथम तोडायची, हा अप्रिय निर्णय राज्यांनी आधीच घेऊन ठेवला, तर काही भागांतील तात्पुरत्या भारनियमनावर संकट निभावू शकते. तो टाळला, तर किंमत संपूर्ण विभागाला मोजावी लागते.