बाळ मागवता येते का?

दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, गोरं, उंच, हुशार बाळ आता मागवता येतं म्हणे!" वर्ग हसला, आम्हीही हसलो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलापाशी आली. तिच्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. हळूच म्हणाली, "टीचर, त्याचा आजार जन्माआधीच काढून टाकता आला असता का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. उंची, बुद्धी यांमागे असंख्य जनुके असतात, शिवाय खाणेपिणे आणि संगोपन. असे बाळ मागवता येत नाही. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे.

क्रिस्पर हे तंत्र म्हणजे पेशीतल्या जनुकावर चालणारी कात्री. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानक्वे या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केले की, त्याने भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. वडील एचआयव्हीबाधित होते. मुलींना पुढे कधी ती लागण होऊ नये, हा त्याचा दावा. पण वडिलांकडून लागण टाळण्याचा साधा उपाय आधीच उपलब्ध होता. शिवाय ही कात्री भलत्या जागी चालू शकते, काही पेशी बदलतात तर काही तशाच राहतात. जगभर निषेध झाला. डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयाने त्याला ३ वर्षांची कैद सुनावली.

हीच कात्री भल्यासाठीही चालते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि थॅलेसेमियावरील क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. यात रुग्णाच्याच रक्त घडवणाऱ्या पेशी बाहेर काढून, सुधारून परत दिल्या जातात. बदल त्याच्यापुरताच राहतो, आणि रुग्ण किंवा त्याचे आईवडील विचारून-समजून होकार देतात. भ्रूणातला बदल मात्र पिढ्यान्‌पिढ्या उतरू शकतो, आणि त्या पिढ्यांना विचारणार कोण? औलाद ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे. इलाज करणे हे आपले कर्तव्य, पण जे पूर्ण कळलेले नाही ते न जन्मलेल्यांवर आजमावणे हा इलाज नव्हे. भारताच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही असा वंशात उतरणारा बदल वर्ज्य ठरवला आहे.

मग त्या मुलीला काय सांगितले? भावासाठी उमेद आहे, पण तो उपचार आज अतिशय महाग आहे. आणि एक गोष्ट तिच्यासाठी. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः धडधाकट दिसतो. चुलत-मामे नात्यात निकाह होतात तिथे दोघेही वाहक निघण्याची शक्यता वाढते. हे रक्ताच्या एका साध्या तपासणीत कळते.

रिश्ता पाहताना आपण घर पाहतो, शिक्षण पाहतो, जेवणाचा मेन्यूही ठरवतो. त्याच यादीत मुलगा आणि मुलगी दोघांचीही ही तपासणी घालू या. फक्त मुलीची नव्हे. अहवालात "वाहक" आले म्हणून कोणाला नावे ठेवू नका; तो ऐब नाही. वेळेवर कळले तर निर्णय आपल्या हाती राहतो.

ती मुलगी म्हणाली, "टीचर, हे अम्मीलाही सांगाल?" पुढच्या पालकसभेत सांगणार आहोत, इन्शाअल्लाह.