लग्नघर आणि व्हिडिओवाला

माणदेशांत लग्नसराईची वर्दी म्हसवडचा सिद्धनाथ देतो. दिवाळीच्या पाडव्याला देवाचे घट बसतात, तुळशीच्या लग्नाच्या रात्रीं जोगेश्वरीशीं त्याचें लग्न लागतें, आणि देवदिवाळीला, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस, रथांतून वरात निघते. तेथून पुढें दहिवडी, म्हसवड, गोंदवलें या बाजूच्या घरांतून याद्या होऊं लागतात. मुहूर्त निघतो, कार्यालय ठरतें, आचारी ठरतो. आणि मग एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर प्रश्न निघतो कीं, व्हिडिओवाला कोण? धाकटी मंडळी म्हणते पुण्याहून आणा, वडील मंडळी म्हणते गांवचा काय वाईट, आणि चर्चा पैशांशीं येऊन थांबते. आमच्या मतें ती तेथें थांबूं नये.

ही हौस कांहीं आजची नव्हे. रँग्लर परांजपे १९०१ सालीं केंब्रिजहून परत आले, तेव्हां त्यांच्या मुंबईंतील स्वागताचें चलच्चित्र हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं घेतलें. घरचा मुलगा यश मिळवून आला, तो क्षण धरून ठेवावा, ही बुद्धि तेव्हांचीच. आवाज मात्र त्या काळीं धरतां येत नव्हता. आज येतो, आणि बहुधा तोच वायां जातो. पण त्याविषयीं पुढें.

निवड करतांना जाहिरातीची तीन मिनिटांची फीत पाहून भुलूं नये. तींत सर्वांचींच लग्नें सुंदर दिसतात. एखाद्या लग्नाचें संपूर्ण चित्रण, अर्थात् त्या घरच्यांची संमति असल्यास, पाहावयास मागावें आणि त्यांत सप्तपदी शोधावी. अक्षता पडल्या कीं पंक्तीची घाई सुरू होते. व्हिडिओवालाही पानावर बसतो, नाहीं तर आहेराच्या रांगेकडे वळतो. इकडे कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम चाललेले असतात, कानपिळीला मुलीचा भाऊ पुढें येतो, वधू सात पावलें टाकते, आणि हें सारें भटजी व जवळचीं चार माणसें यांखेरीज कोणी पाहत नाहीं. वास्तविक १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणें, जेथें सप्तपदीचा विधि आहे तेथें सातवें पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. विधि न करितां नुसता नोंदणीचा दाखला घेतल्यानें हिंदु विवाह होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०२४ सालीं सांगितलें. म्हणजे लग्न खरोखर लागतें तोच क्षण नेमका फितींत नाहीं! यासाठीं विधींची क्रमवार यादी भटजींकडून लिहवून व्हिडिओवाल्याच्या हातीं द्यावी, आणि त्याचें जेवण सप्तपदीनंतर, पण चांगलें पोटभर, असें आधींच ठरवावें.

गांवचा कीं पुण्याचा, या वादांत आमचा कौल थोडासा गांवच्याकडे आहे. वैशाखाच्या दुपारीं इकडे मांडवाबाहेर डोळे दिपविणारें ऊन आणि आंत काळोख. तेथें चेहरे काळे न पडतां चित्र कसें घ्यावें, हें इकडे काम केलेल्याला ठाऊक असतें. पण आवाजाचें सामान त्याच्यापाशीं आहे कीं नाहीं, हें अवश्य विचारावें. मांडवांत कर्णा, दाराशीं हलगी. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक नुसता गोंगाट उचलतो. वरासाठीं व भटजींच्या उपरण्यासाठीं लहान माइक निराळे हवेत.

आणि याहून मोठी गोष्ट. घाणा भरतांना आजी ज्या ओव्या म्हणते, त्या घरीं म्हटल्या जातात, कार्यालयांत नव्हे. म्हणून पॅकेजांत त्या नसतात. त्यांसाठीं एक सकाळ वेगळी मागून घ्यावी. लग्नापूर्वीं वधूवरांची फीत डोंगरावर जाऊन करावयाची असेल, तर मुलांनीं ती खुशाल करावी. पण पुढच्या लग्नाला आजी असेलच असें नाहीं. घरांत हें बोलावयास कोणी धजत नाहीं, म्हणून आम्ही बोलतों.

करार लेखी हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचे पहिले मालक आपण असतों. मात्र उलट करार नसेल तर. त्या ‘नसेल तर’ साठींच घरांतील एखाद्या वडील माणसानें चष्मा लावून बारीक अक्षरांतल्या अटी वाचाव्या. लेकीसुनांचे चेहरे जाहिरातीसाठीं इन्स्टाग्रामवर जावे कीं नाहीं, हें त्यांना विचारून घरानें ठरवावें. न छाटलेलें मूळ चित्रणही आपणांस मिळेल, असें लिहून घ्यावें. ड्रोन येणार असल्यास उडविणाऱ्याचें प्रमाणपत्र पाहावें. २०२१ च्या नियमांनीं अडीचशें ग्रॅमहून जड ड्रोन धंद्यासाठीं उडवावयास तें लागतें. होमाचा धूर डोळ्यांत फिरविणारें तें यंत्र मांडवाजवळ हवेंच कशाला, हा प्रश्न निराळा.

चित्रणाच्या दोन प्रती दोन हार्ड डिस्कांवर घ्याव्या, एक माहेरीं व एक सासरीं. पुष्कळ घरांच्या कपाटांत १९८०-९० च्या सुमाराच्या लग्नांच्या व्ही.एच.एस. कॅसेटी पडून आहेत. त्या लावण्याचीं यंत्रें बनविण्याचें काम जपानच्या फुनाई कंपनीनेंही २०१६ सालीं बंद केलें. बुरशी धरण्यापूर्वीं अशी एखादी कॅसेट मनांत योजलेल्या व्हिडिओवाल्याकडे उतरवून घेण्यास द्यावी. तो ती जपून हाताळतो काय, बोलल्या तारखेला परत देतो काय, हें विसाराचे पैसे हातीं ठेवण्यापूर्वींच कळून येईल.