चुलीवर फासलेला हिरवा रंग

आपल्या वस्तीचा नकाशा बघितलाय का कधी? शाळेत टांगलेला नाय, महापालिकेत टांगलेला. विकास आराखडा म्हणतात त्याला. पिवळा रंग राहायचा, जांभळा कारखान्याचा, हिरवा बागेचा आणि मैदानाचा. आमच्या वस्तीवर हिरवा फासलाय. खाली चुली पेटल्यात, पोरं नळावर भांडतायत, आणि कागदावर तिथं फुलझाडं डोलतायत.

या रंगाला सरकारी भाषेत काय म्हणतात माहीताय? आरक्षण! आपल्या नोकरीतल्या आरक्षणानं ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांनीच आपल्या झोपडीवर आरक्षण टाकलंय. या आरक्षणाविरुद्ध मात्र कुणी 'गुणवत्ता, गुणवत्ता' म्हणून बोंबलत नाय.

गावात कुणी गावकुसाबाहेर राहायचं हे ठरवायला नकाशा लागत नव्हता. शहरात लागतो, एवढाच फरक.

मग अपील करा, असं वकील सांगतो. करू की! महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. कलम ४७. चाळीस दिवसांच्या आत शासनाकडे अपील. पण कुणाला? ज्यानं बांधकामाची परवानगी मागितली आणि जो नाकारला गेला, त्याला. म्हणजे बिल्डरला टॉवर नाकारला तर बिल्डरला अपील. त्याच टॉवरखाली तू गाडला जाणार असशील तर कलम ४७ तुला ओळखत नाय. अपील जमीनवाल्याचं, आपण नुसते जमिनीवरचे.

आपल्याला दार आहे ते आधीचं. कलम २६. आराखडा प्रारूप असतो तेव्हा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते, हरकती मागवतात. महिना-दोन महिन्यांची मुदत असते. ती नोटीस कुठल्यातरी पानावर, लग्नाच्या जाहिरातींशेजारी, मुंगीच्या अक्षरात. आपल्या वस्तीत ती कोण वाचतो? वाचणारी पोरं आपणच. ग्रंथालयात बसून क्रिकेटचं पान चाटणारी.

आता आमचीच फजिती सांगतो. गेल्या खेपेला आम्ही मोर्चा नेला. घोषणा दणदणीत. एका भाऊसाहेबांनी शंभर सह्यांचं निवेदन साहेबाच्या हातात दिलं, फोटो काढला, हार घालून घेतला. पोच कुणी घेतली? कुणीच नाय. सुनावणीच्या यादीत आमचं नाव नव्हतं. बाबू म्हणाला, "तुमची हरकत आलेलीच नाही." फोटो दाखवला तर हसला. च्यायला, फोटोवर आवक नंबर नसतो!

म्हणून हरकत प्रत्येकानं आपल्या नावानं लिहायची. शंभर सह्यांचा एक कागद बाबूच्या रजिस्टरात एक ओळ होतो; शंभर कागद शंभर ओळी होतात. भाग नकाशा बघून सिटी सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचं नाव टाकायचं. 'आमच्यावर अन्याय झाला' एवढ्यानं भागत नाय. 'या नंबरावर अमुक सालापासून वस्ती आहे, आरक्षण उठवा, नायतर आमचं पुनर्वसन इथंच करा' असं रोखठोक मागायचं. सोबत फोटोपास, जुनं लाइटबिल, मतदार यादीचं पान. तोंडी म्हणणं मांडायचंय हेही लिहायचं. आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाय.

मग कलम २८ ची नियोजन समिती. हरकत घेतलेल्याचं म्हणणं तिला ऐकावंच लागतं. तिथं दोन मिनिटं मिळतात, म्हणून भाषण घरी ठेवून जायचं, कागद न्यायचा. अहवालात आपल्या हरकतीचं काय केलं ते माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्यानं मागायचं. पुढं शासन मंजुरी देताना मोठे बदल करतं, तेव्हा पुन्हा हरकती. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल, तेव्हा पुन्हा. दार उघडतं, पण चोरासारखं. लक्ष ठेवणारा हवा.

कागदानं काय होतं, असं विचारणारे विद्वान आपल्यातही आहेत. २०१५ साली मुंबईचा २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा आला. साठ हजारांहून जास्त हरकती पडल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना नव्यानं करा म्हणावं लागलं. सुधारित प्रारूप २०१६ ला आलं, मंजुरी २०१८ ला. त्या ढिगाऱ्यात इस्त्रीवाले लोक पुष्कळ होते. त्यांना कळतं कागद कधी टाकायचा. आपण जेसीबी आल्यावर जागे होतो.

तेव्हा मग उच्च न्यायालय, अनुच्छेद २२६. जायचंच, पण भ्रमात राहायचं नाय. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उपजीविका हा जगण्याच्या हक्कातच येतो. वाचून डोळे भरून येतात. त्याच निकालानं पदपथावरची झोपडी हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबा म्हणाले.

रविवारी समाजमंदिरात दहा वाजता बसतोय. ज्याचं अक्षर चांगलं त्यानं पेन आणावा. घरातल्या म्हातारीची पेटी उघडा, तळाशी जुनी पावती सापडते का बघा. ती आणा.