नास्तिकाच्या हातची माती

ज्याची श्रद्धा नाही त्याने वेदीला हात लावू नये, असे ठामपणे सांगणारे भाविक आपल्यात पुष्कळ आहेत. विधान ऐकायला बिनतोड वाटते. मात्र ते एकदा स्पेनच्या मायोर्का बेटावर, पाल्मा शहराच्या कॅथिड्रलमधील पवित्र साक्रामेंताच्या चॅपेलसमोर नेऊन तपासून पाहावे.

हे चॅपेल मिकेल बार्सेलो या चित्रकाराने घडविले. मायोर्कातीलच फेलानिच गावी १९५७ साली जन्मलेला हा कलावंत स्वतःला श्रद्धावान म्हणवीत नाही. तरीही बिशप तेओदोर उबेदा यांनी त्यालाच पाचारण केले. बिशप २००३ साली निवर्तले. काम पुरे होऊन २ फेब्रुवारी २००७ रोजी स्पेनच्या राजाराणीच्या उपस्थितीत चॅपेलचे उद्घाटन झाले. सुमारे ३०० चौरस मीटर भिंत भाजलेल्या मातीने मढविलेली आहे. विषय योहानाच्या शुभवर्तमानातील: पाच भाकरी, दोन मासे आणि तृप्त झालेला जनसमुदाय. एकीकडे समुद्र उसळतो, मासे भिंतीतून बाहेर झेपावतात. दुसरीकडे भाकरी, फळे आणि काना गावच्या लग्नाची आठवण देणारे रांजण. मध्यभागी पुनरुत्थित ख्रिस्त, अंगावरच्या जखमांसह. ओल्या मातीला पाठीमागून मुठींनी ठोसे देऊन त्याने हे उंचवटे उठविले. वाळताना माती तडकली. त्या भेगा त्याने बुजविल्या नाहीत.

याच भेगांवर टीकाकारांचा रोष आहे. खिडक्यांच्या काचाही करड्या. लालनिळ्या संतांची सवय असलेल्या डोळ्यांना त्या सुतकी वाटतात. परंतु भाकरी म्हणजे तरी काय? मातीतून उगवलेले, दळलेले, भाजलेले आणि मोडलेले अन्न! ख्रिस्तप्रसादाच्या पेटीभोवती तडकलेली माती शोभत नाही असे म्हणणाऱ्याने गुळगुळीत संगमरवराचे भाकरीशी काय नाते आहे, हेही सांगावे.

आणि ही माती त्याला कोठे भेटली? १९८२ साली जर्मनीतील कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनाने बार्सेलोचे नाव तरुणपणीच जगभर झाले. अशा वेळी पॅरिस, न्यूयॉर्क सोडून १९८८ पासून तो आफ्रिकेतील माली देशात, डोगॉन लोकांच्या कोरड्या मुलखात वारंवार जाऊन राहू लागला. मातीकामाची गोडी त्याला तेथे लागली. त्याने दान्तेच्या महाकाव्यासाठी चित्रमालिका केली, शिल्पे केली. २००६ साली फ्रान्समधील आव्हिन्यों येथे जोसेफ नाज या नर्तकाबरोबर ओल्या मातीची भिंत प्रेक्षकांसमोर फोडण्या-घडविण्याचा प्रयोगही केला. चॅपेलची माती त्याने इटलीत, व्हिएत्री सुल मारे या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी घडविली. या कलावंताचे सारेच पवित्र मानण्याचे कारण नाही. जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहाचे छत त्याने २००८ साली रंगविले. त्याच्या खर्चात गरीब देशांच्या मदतनिधीतील काही रक्कम घातली गेली, म्हणून स्पेनमध्ये गदारोळ उठला, आणि तो रास्त होता. पण तो दोष पैसा देणाऱ्या सरकारचा.

श्रद्धेचा प्रश्न ख्रिस्तसभेने पूर्वीही सोडविला आहे. फ्रान्समधील डोमिनिकन धर्मगुरू मारी-आलें कुतुरिये यांनी गेल्या शतकाच्या मध्यास असीच्या चर्चसाठी कम्युनिस्ट लेजेलाही काम दिले. प्रतिभा नसलेल्या भाविकापेक्षा श्रद्धा नसलेला प्रतिभावंत बरा, ही त्यांची भूमिका होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात कोणतीही एक शैली ख्रिस्तसभेने आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे स्पष्ट केले. कलावंताला शास्त्रवचन द्यावे, उपासनेची शिस्त समजावून सांगावी, मग काम जोखावे. त्याच्या आत्म्याचा हिशेब देव घेईल. पॅरिश कौन्सिलला ते खाते दिलेले नाही.

खरी अश्रद्धा कोठे आहे, तेही पाहू. कॅटलॉगमधला क्रमांक सांगून फायबरची मूर्ती मागवायची, गालांना गुलाबी रंग आहे ना एवढे बघायचे, आणि देणगीदाराचे नाव संताच्या नावाहून ठळक कोरायचे! या व्यवहारात श्रद्धेची तपासणी कोणी मागत नाही.

बरे, श्रद्धावान कलावंत हवा म्हणता, तर तोही आपल्याला मिळाला होता. आंजेलो द फोन्सेका, गोव्याच्या सांतो इस्तेव्हांव गावचा, जन्म १९०२, शांतिनिकेतनात शिकलेला, मनाने कॅथलिक. त्याने पवित्र मरियेला साडी नेसविली. गोव्यातील धर्मजनांना ते सोसवले नाही. त्याला आसरा दिला तो पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने, आणि तो आश्रम अँग्लिकनांनी स्थापलेला होता. १९६७ साली तो वारला. त्याच्या श्रद्धेविषयी कोणाला शंका नव्हती. हरकत होती ती साडीला.